फ्रँकफर्ट ते लिस्बन विमानाने: अंतर, लागणारा वेळ आणि तिकिटावरचं घड्याळ कसं वाचायचं

जर्मनीत नव्याने आलेली आपली मुलंमुली पहिल्या मोठ्या सुट्टीत बऱ्याचदा पोर्तुगालचा बेत आखतात. समुद्र आहे, ऊन आहे, जेवण परवडतं. गोव्यातल्या काही कुटुंबांची तर नागरिकत्वाच्या नोंदणीची कामं लिस्बनच्या मध्यवर्ती कार्यालयात अडकलेली असतात, त्यांना सुट्टी असो-नसो जावंच लागतं. मग फोन येतो: "दादा, लिस्बन नक्की किती लांब? एक साइट म्हणते दोन तास पन्नास मिनिटं, तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर दोन तास पाच मिनिटं येतात, आणि मोबाइलचा नकाशा तेवीसशे किलोमीटर दाखवतो. यातलं खरं कोणतं?"

तिन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. कोणत्या कामाला कोणता आकडा घ्यायचा हे एकदा समजलं की फ्रँकफर्ट–लिस्बनच काय, युरोपातल्या कुठल्याही दोन विमानतळांचा हिशेब तुम्ही दहा मिनिटांत स्वतः मांडू शकाल. हे शिकून घ्या असं मी आग्रहाने सांगतो, कारण विमानाला उशीर झाला तर तुमच्या हातात २५० युरो पडणार की ४००, हे याच अंतरावर ठरतं.

आधी हाताशी काय हवं

तिकीट किंवा बुकिंगची ईमेल, नकाशाचं अॅप असलेला फोन, आणि साधा कॅलक्युलेटर. कॅलक्युलेटरमध्ये कोसाइनचं बटण असावं. फोन आडवा धरला की बहुतेक फोनांत ते दिसतं. प्रवासाची कागदपत्रं वेगळी, त्यांच्याबद्दल सातव्या पायरीत लिहिलं आहे.

१. विमानतळ नक्की कोणता, ते पाहा

अंतर दोन शहरांमधलं नसतं, दोन विमानतळांमधलं असतं. म्हणून शहराचं नाव वाचून थांबू नका, तीन अक्षरी संकेत वाचा. फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ म्हणजे एफआरए, आणि लिस्बनचा एलआयएस.

इथे सगळ्यात मोठा सापळा 'फ्रँकफर्ट-हान' नावाचा आहे. त्याचा संकेत एचएचएन. नावात फ्रँकफर्ट असलं तरी हा विमानतळ शहरापासून सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला, दुसऱ्याच राज्यात आहे. मुख्य स्टेशनवरून बसने तिथे पोचायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. तिकीट तीस युरोंनी स्वस्त दिसतं. मग बसचं भाडं, पहाटे अडीचला उठणं आणि त्या वेळी घरापासून स्टेशनपर्यंत जायला काही वाहन आहे का हा प्रश्न, असं सगळं त्यात मिळवून पाहा. हान कायम टाळाच असं माझं म्हणणं नाही. माइंत्स किंवा कोब्लेंत्सच्या बाजूला राहणाऱ्यांना तो सोयीचाही पडतो. फक्त हिशेब करून निवडा.

युरोपभर हा प्रकार आहे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. मिलानच्या नावाने बेर्गामो, ब्रसेल्सच्या नावाने शार्लरुआ विकले जातात. लिस्बनच्या बाबतीत मात्र चिंता नको. तिथला विमानतळ शहरातच आहे आणि त्याच्या दारात मेट्रो येते.

२. अंतर मोजा

मोबाइलच्या नकाशात 'कसं जायचं' विचारलंत तर तो रस्त्याचं अंतर सांगतो. फ्रँकफर्ट–लिस्बन रस्त्याने तेवीसशेच्या आसपास भरतं, कारण रस्ता फ्रान्समधून खाली उतरून पिरेनीज पर्वताच्या कडेने स्पेनमध्ये शिरतो. विमानाच्या हिशेबाला हा आकडा निरुपयोगी आहे.

आपल्याला हवं ते पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर, म्हणजे बृहद्वृत्तावरचं अंतर. भूगोलाच्या पुस्तकात आपण ते वाचलेलं असतं. ते काढायचे दोन मार्ग देतो.

पहिला, फोनवर. नकाशात फ्रँकफर्टच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, खूण उमटली की 'अंतर मोजा' हा पर्याय निवडा, नकाशा सरकवत लिस्बनच्या धावपट्टीवर न्या. आकडा १,८७० ते १,८८० किलोमीटरच्या दरम्यान येईल. विमानतळांच्या अधिकृत मध्यबिंदूंवरून काढलं तर ते सुमारे १,८७४ किलोमीटर आहे. मैलांत १,१६५च्या आसपास, आणि वैमानिक ज्यात मोजतात त्या सागरी मैलांत १,०१२.

दुसरा मार्ग कागदावरचा. तो निदान एकदा तरी करून पाहा, कारण त्यानंतर कुठल्याही साइटचा आकडा पाहून तो पटण्यासारखा आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

फ्रँकफर्ट विमानतळ: ५०.०३ अंश उत्तर, ८.५७ अंश पूर्व.
लिस्बन विमानतळ: ३८.७७ अंश उत्तर, ९.१३ अंश पश्चिम.

अक्षांशांतला फरक ११.२६ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा उत्तर–दक्षिण अंतर झालं १,२५० किलोमीटर.

रेखांशांतला फरक काढताना जपा. फ्रँकफर्ट ग्रिनिचच्या पूर्वेला आहे आणि लिस्बन पश्चिमेला, म्हणून इथे बेरीज करायची: ८.५७ अधिक ९.१३ म्हणजे १७.७० अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे इथे अंशाला पूर्ण १११ किलोमीटर मिळत नाहीत. दोन्ही अक्षांशांची सरासरी ४४.४ घ्या, तिचं कोसाइन ०.७१४ येतं. १७.७० गुणिले १११ गुणिले ०.७१४ म्हणजे पूर्व–पश्चिम अंतर १,४०३ किलोमीटर.

आता शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. दोन्हींचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं साधारण १,८८० किलोमीटर. नेमक्या १,८७४शी तुलना करा: पाच-सहा किलोमीटरचा फरक, तोही हाताने केलेल्या हिशेबात. दोन-अडीच हजार किलोमीटरपर्यंत ही रीत बिनधास्त वापरा. मुंबई–फ्रँकफर्टसारख्या लांब पल्ल्याला मात्र वापरू नका. तिथे पृथ्वीची गोलाई या सपाट हिशेबाला फार चुकवते.

पूर्व–पश्चिमेची चूक किती महाग पडते पाहा. ९.१३ पश्चिमेचं, म्हणजे वजा चिन्हाचं, आहे हे विसरून साधी वजाबाकी केलीत तर रेखांशांतला फरक उरतो जेमतेम अर्धा अंश, आणि एकूण अंतर येतं १,२५० किलोमीटर. सहाशे किलोमीटर गायब! तक्त्यांच्या अॅपमध्ये सूत्र लिहितानाही पश्चिमेचे रेखांश वजा धरायचे असतात. पोर्तुगाल, बहुतेक स्पेन, आयर्लंड आणि बहुतेक ब्रिटन ग्रिनिचच्या पश्चिमेला आहेत, हे ध्यानात असू द्या.

विमान प्रत्यक्षात १,८७४ किलोमीटरच उडतं का? सहसा थोडं जास्त. उड्डाण ज्या दिशेच्या धावपट्टीवरून होतं तिथून वळण घ्यावं लागतं, हवाई नियंत्रक ठरावीक मार्गाने पाठवतात, लिस्बनला उतरण्याआधी रांगेत फिरवत ठेवतात. विमान आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या अॅपमध्ये एकोणीसशेच्या वरचा आकडा दिसला तर गोंधळू नका. सर्वांत कमी अंतराची रेषा मात्र पाहण्यासारखी आहे. ती जर्मनीतून फ्रान्समध्ये शिरते, तिचा मध्यबिंदू बोर्दोच्या पश्चिमेला समुद्रकाठी पडतो, मग बिस्केच्या उपसागराचा कोपरा कापून ती बिल्बाओजवळ स्पेनमध्ये येते. हा फ्रान्सचा टप्पा आठव्या पायरीत पुन्हा भेटणार आहे.

३. अंतरावरून वेळ काढा

या मार्गावर एअरबस ए३२० कुळातली आणि तत्सम मध्यम आकाराची जेट विमानं उडतात. उंचीवर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून १,८७४ भागिले ८३० करून सव्वादोन तास काढणारे पुष्कळ भेटतात. ते उत्तर कमी पडतं. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो, आणि त्याच्या आधी-नंतर विमान जमिनीवर चालत असतं.

मी वापरतो ती कामचलाऊ रीत अशी: किलोमीटरला ८०० ने भागा, आणि ३५ ते ४५ मिनिटं मिळवा.

फ्रँकफर्ट–लिस्बन: २ तास २० मिनिटं, अधिक ३५ ते ४५. म्हणजे २ तास ५५ मिनिटं ते ३ तास ५ मिनिटं. वेळापत्रकात साधारण हेच सापडतं.

विमान कंपन्या जो वेळ छापतात तो ब्लॉक टाइम. फ्रँकफर्टच्या गेटवरून विमान मागे सरकलं तिथपासून लिस्बनच्या जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. प्रत्यक्ष हवेत तुम्ही अडीच ते पावणेतीन तास असता. फ्रँकफर्टला चार धावपट्ट्या आहेत आणि त्यातली वायव्येची, २०११ साली सुरू झालेली, टर्मिनलपासून इतकी दूर आहे की विमानाला तिथून येताना महामार्गावरचा पूल ओलांडावा लागतो. जमिनीवरची दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात. लिस्बनला याच्या उलट: विमानतळ आटोपशीर, पण वापरात धावपट्टी एकच, आणि उतरणारी-चढणारी सगळी विमानं तिच्यावरच. उन्हाळ्यात तिथे खोळंबा ठरलेला.

जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही. युरोपावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात, हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. ताशी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ७३० वर येतो, आणि या मार्गावर सुमारे पंधरा मिनिटं वाढतात. तोच वारा पाठीमागून मिळाला तर जवळजवळ तेवढीच वाचतात. म्हणून लिस्बनकडे जाणारं विमान जास्त वेळ घेतं, फ्रँकफर्टकडे येणारं कमी. अंतर मोजून देणाऱ्या साइट दोन्ही बाजूंना एकच वेळ दाखवतात, कारण त्या एक ठरावीक सरासरी वेग धरून भागाकार करतात. तो अंदाज म्हणून वापरा, बेत आखताना वेळापत्रकच पाहा.

४. तिकिटावरचं घड्याळ वाचा

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराच्या घड्याळाने असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराच्या. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे आहे. दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळ बदलतात, त्यामुळे हा एक तास वर्षभर कायम राहतो.

समजा तिकीट असं आहे: फ्रँकफर्ट ०९:००, लिस्बन ११:०५. वजाबाकी केली तर २ तास ५ मिनिटं. एक तास मिळवा: खरा प्रवास ३ तास ५ मिनिटं.

परतीचं असं: लिस्बन १२:००, फ्रँकफर्ट १५:५५. वजाबाकी ३ तास ५५ मिनिटं. एक तास वजा करा: खरा प्रवास २ तास ५५ मिनिटं.

पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला येताना वजा करा. फोन बहुधा उतरल्यावर आपोआप घड्याळ बदलतो, पण विमान पकडायचा गजर तुम्ही कोणत्या वेळेवर लावला आहे ते परतीच्या आदल्या रात्री तपासा. मनगटावरच्या घड्याळाचे काटे हातानेच फिरवावे लागतात.

पोर्तुगालमध्येही सगळीकडे एक वेळ नाही. मदेइरा बेट लिस्बनच्या वेळेवर चालतं, अझोर्स बेटं आणखी एक तास मागे. लिस्बनहून पुढे अझोर्सला जाणार असाल तर दोन्ही बदल धरा.

घरी फोन करायचा तर: भारत लिस्बनच्या उन्हाळ्यात साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. विमान सकाळी अकराला उतरलं तेव्हा आईबाबा दुपारच्या चहाला बसलेले असतात, लगेच फोन लावलात तरी चालतं. संध्याकाळी सातला हॉटेलवर पोचून केलात तर तिकडे मध्यरात्र असते.

५. घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ मांडा

तीन तासांचं उड्डाण म्हणून अर्धा दिवस मोकळा मिळेल असं धरू नका. फ्रँकफर्ट शहरात राहणाऱ्याचा हिशेब साधारण असा पडतो: घर ते विमानतळ ४० मिनिटं, उड्डाणाआधी २ तास, ब्लॉक टाइम ३ तास ५ मिनिटं, उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास, मेट्रोने शहराच्या मध्यात यायला अर्धा तास. बेरीज पावणेसात तास. सकाळी सहा-वीसला घर सोडलंत तर लिस्बनच्या घड्याळाने बारा वाजून गेल्यावर तुम्ही रस्त्यावर चालायला मोकळे.

फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरून एस८ किंवा एस९ लोकल घ्या, विमानतळाच्या स्थानिक स्टेशनवर साधारण बारा-तेरा मिनिटांत पोचवते. दुसऱ्या शहरातून जलद आयसीई गाडीने येत असाल तर ती लांब पल्ल्याच्या वेगळ्या स्टेशनवर थांबते. तिथून पहिल्या टर्मिनलला पायी जायला दहा मिनिटं धरा. गेट साधारणपणे सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं आणि बॅग देण्याचा काउंटर त्याच्याही आधी, बऱ्याचदा चाळीस मिनिटांवर. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान हलायची वेळ, तुम्ही गेटवर पोचायची नव्हे.

लिस्बनला विमानतळ मेट्रोच्या लाल मार्गिकेच्या टोकाला आहे. अलामेडा स्टेशनवर हिरवी मार्गिका पकडली की थेट जुन्या शहरात. परतताना टर्मिनल पाहून घ्या. काही स्वस्त कंपन्यांची विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात, आणि तिथे जायला पहिल्या टर्मिनलवरून मोफत बस घ्यावी लागते. मेट्रो फक्त पहिल्याला येते. वीस मिनिटं जास्तीची ठेवा.

संध्याकाळी उशिराचं परतीचं विमान घेताना एक विचार करा. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणांना बंदी आहे, २०११ पासून. उशीर झालेल्या विमानांना मर्यादित सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबून सोमवारी सकाळी आठची परीक्षा किंवा कामावरची मीटिंग ठरवू नका. रविवारी दुपारचं विमान पंधरा-वीस युरो महाग असेल तर मी ते पैसे देतो.

६. थेट जायचं की विमान बदलून

या मार्गावर लुफ्थान्सा आणि टॅप एअर पोर्तुगाल यांची थेट विमानं आहेत. शोधताना माद्रिदमार्गे स्वस्त पर्याय वर येतात.

अंतर पाहिलं तर माद्रिद जवळजवळ वाटेवरच आहे. फ्रँकफर्ट–माद्रिद १,४२० किलोमीटर, माद्रिद–लिस्बन ५१३. बेरीज १,९३३, म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त साठेक किलोमीटर जास्त. वेळ मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. पहिलं उड्डाण अडीच तासांच्या आसपास, दुसरं सव्वा तास, आणि मध्ये किमान तासभर तरी थांबणं: पाच तासांच्या आत हा प्रवास बसवणं कठीण. चढणं, उतरणं आणि जमिनीवर चालणं हे दोनदा होतं, म्हणून लहान उड्डाणं किलोमीटरमागे नेहमी जास्त वेळ खातात.

बदलून जायचंच असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेऊन पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते.

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ठळक सूचना: लंडन किंवा डब्लिनमार्गे जाणारं तिकीट तपासल्याशिवाय घेऊ नका. ही दोन्ही शहरं शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे आपसात सीमेवरची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत. तुमच्याकडे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर बाहेर पडताच तो संपतो आणि लिस्बनला पुन्हा आत येता येत नाही. शिवाय त्या देशांचे ट्रान्झिटचे नियम वेगळे. आई-वडील भेटीला आलेले असताना त्यांना फिरवायला नेताना तर हे दोनदा पाहा, त्यांच्याकडे बहुधा असाच व्हिसा असतो.

७. कागदपत्रं

जर्मनी आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने मध्ये शिक्का मारणारा अधिकारी सहसा नसतो. त्यामुळे पासपोर्ट घरी ठेवून निघण्याचा मोह होतो. तसं करू नका. सोबत ठेवायचं ते असं:

– मूळ पासपोर्ट. झेरॉक्स किंवा फोटो चालत नाही
– जर्मनीचं निवास परवान्याचं कार्ड, किंवा तुमच्या पासपोर्टवरचा वैध व्हिसा
– बोर्डिंग पास, फोनवर आणि शक्य असल्यास कागदावरही
– आरोग्य विम्याचं कार्ड
– मुक्कामाच्या पत्त्याची नोंद आणि परतीचं तिकीट

परवान्याचं नूतनीकरण चालू असेल आणि हातात फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र असेल, तर त्यावर प्रवास करून परत येता येतं का हे तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. अशी सगळी प्रमाणपत्रं सारखी नसतात. काही स्वस्त कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना ऑनलाइन चेक-इननंतरही काउंटरवर जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायला लावतात. बुकिंगच्या अटींत ती ओळ शोधा, कारण ही तपासणी राहिली तर गेटवर अडवतात.

८. उशीर झाला तर: इथे अंतराचे पैसे होतात

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. भरपाईची रक्कम तिकीट कितीला घेतलं यावर ठरत नाही, अंतरावर ठरते, आणि अंतर बृहद्वृत्तावर मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. दुसऱ्या पायरीत काढलेला आकडा तो हाच.

१,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. युरोपीय संघाच्या आतल्या आणि १,५०० पेक्षा लांबच्या उड्डाणाला ४०० युरो. संघाबाहेर जाणारं उड्डाण ३,५०० च्या पुढचं असेल तर ६०० युरो, मधल्या टप्प्याला ४००. फ्रँकफर्ट–माद्रिद १,४२० किलोमीटर, म्हणून २५०. फ्रँकफर्ट–लिस्बन १,८७४, म्हणून ४००. आता वजा चिन्ह विसरून आलेले १,२५० किलोमीटर आठवा. त्या आकड्यावर विसंबलेला माणूस दीडशे युरो सोडून देईल.

विमान बदलून गेलात आणि बुकिंग एकच असेल, तर तुकड्यांची बेरीज धरत नाहीत. पहिला विमानतळ आणि शेवटचा विमानतळ यांच्यातलं थेट अंतर धरतात, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं. लिस्बन–फ्रँकफर्ट–मुंबई असं एकाच बुकिंगवर निघालात, तर अंतर लिस्बन ते मुंबई धरलं जातं, म्हणजे सरळ ६०० चा गट. उलट दिशेने, भारतातून निघून युरोपात येताना, हा नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू होतो.

रद्द झालेल्या विमानाप्रमाणेच तीन तास किंवा जास्त उशिरालाही भरपाई मिळते, हे न्यायालयाने २००९ साली ठरवलं. तीन तास मोजायचे कुठपर्यंत? विमानाचं दार उघडेपर्यंत. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाकं २ तास ५८ मिनिटं उशिरा टेकली आणि ते जागेवर ३ तास ३ मिनिटं उशिरा लागलं. कंपनी म्हणाली तीन तास झाले नाहीत. २०१४ साली न्यायालय म्हणालं, प्रवासी बाहेर पडू शकतो तेव्हाच पोचला असं धरायचं. म्हणून उशीर झालेल्या विमानात दार उघडताच फोनवर वेळ टिपून ठेवा.

वाट पाहताना खाणं-पिणं मिळण्याचा हक्कही अंतरावर अवलंबून आहे. माद्रिदच्या विमानाला दोन तास उशीर झाला की तो सुरू होतो, लिस्बनच्या विमानाला तीन तासांनी. पावती मागायला विसरू नका. कंपनीने कूपन दिलं नाही तर याच पावतीवर पैसे मागता येतात.

भरपाई नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे असाधारण परिस्थिती. वादळ त्यात येतं, हवाई नियंत्रकांचा संपही येतो. लिस्बनचा मार्ग फ्रान्सवरून जातो हे आपण पाहिलं. फ्रेंच नियंत्रकांचा संप असला की फ्रान्समध्ये पाऊलही न ठेवणारी ही विमानं रखडतात. जुलै २०२५च्या सुरुवातीला तसं झालं होतं. अशा वेळी रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण, गरज पडल्यास हॉटेल, आणि विमान रद्द झालं असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, हे हक्क तसेच राहतात. काउंटरवर "संप आहे, आम्ही काही करू शकत नाही" असं सांगितलं तरी हे मागा. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप आणि विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड सहसा असाधारण धरला जात नाही, तिथे भरपाई मागायचीच.

नियमात बदल करण्याचे प्रस्ताव युरोपीय पातळीवर चर्चेत आले आहेत, तेव्हा दावा करताना त्या तारखेला लागू असलेला मजकूर पाहा.

दावा आधी थेट विमान कंपनीकडे करा. प्रत्येक कंपनीच्या साइटवर फॉर्म असतो. त्यात बुकिंग क्रमांक, उड्डाण क्रमांक, तारीख, दार उघडल्याची वेळ आणि बृहद्वृत्तावरचं अंतर लिहा. कमिशन कापून दावा लढवणाऱ्या कंपन्या मोठा हिस्सा ठेवून घेतात. साध्या प्रकरणात त्यांची गरज पडत नाही. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर जर्मनीत प्रवाशांसाठी मोफत तंटा-निवारण संस्था आहे, तिच्याकडे तक्रार नेता येते. जर्मन कायद्याने मुदत तीन वर्षांची, आणि ती उड्डाण झालं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून मोजतात. तोपर्यंत बोर्डिंग पास आणि पावत्यांचे फोटो जपून ठेवा.